आभाळाचे अनेकवचन

आमच्या घरात माणसांचे फोटो फारसे नव्हते. भिंतीवर आजोबांचा एक होता, पगडी घातलेला, आणि अप्पा-अम्मांचा लग्नातला एक. तो स्टुडिओवाल्याने काढला होता म्हणूनच त्यात ती दोघे होती. बाकीचे सगळे फोटो बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत, कपाटाच्या वरच्या फळीवर असत. डबा उघडला की आधी डांबरगोळीचा वास येई आणि मग ढग दिसत. शेतांवरचे, पुलांवरचे, एस.टी.च्या खिडकीची कड कोपऱ्यात आलेले, नारळाच्या शेंड्यांनी खालून टोचलेले. सगळे काळे-पांढरे आणि सगळे अप्पांनी काढलेले. मी आणि माझी थोरली बहीण सरोजा, आम्ही दोघी त्या घरात वाढलो. पण अप्पांच्या डब्यात आमचा मागमूस नव्हता.

अप्पा शेतीचे पंप विकणाऱ्या एका कंपनीचे फिरते प्रतिनिधी होते. तंजावूरहून सकाळी निघायचे, बसने एखाद्या गावाला जायचे, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पंपाची पुस्तिका उघडायची, ताक प्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे, हे त्यांचे काम. पिशवीत पुस्तिका असत आणि त्यांच्याखाली टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा. दोन भिंगांची ती पेटी पोटाशी धरून वरून आत पाहावे लागे. म्हणजे आभाळ पाहायला अप्पा मान खाली घालत. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, या माणसाच्या शर्टाचे बटण तुटले आहे. पेटीतल्या काचेवर चित्र उलटे पडे, डावीकडचे उजवीकडे. ढग पश्चिमेला निघालेला असला तर काचेत तो पूर्वेला जाई. भिंगावर अप्पा एक पिवळी काच चढवत. तिने निळे गडद होते आणि पांढरे उठून येते, एवढे स्पष्टीकरण ते देत. ढगच का, याचे स्पष्टीकरण त्यांनी कधी दिले नाही. पहिला फोटो ओरत्तनाडूच्या बसथांब्यावरचा होता. दुपारची बस चुकली होती, पुढची यायला वेळ होता, जुन्या चत्रमाच्या, म्हणजे राजांच्या वेळच्या धर्मशाळेच्या, छपरामागून काहीतरी पांढरे वर येत होते. त्यानंतर ते थांबले नाहीत.

"पंप विकणारा माणूस पावसाच्या मागे हिंडतो," अम्मा म्हणे. "तो पडला तर तुमचे पंप कोण घेणार?"

"पडत नाही ना, म्हणूनच फोटो काढतो," अप्पा म्हणत. "पडला म्हणजे कॅमेरा भिजतो."

फिल्म धुवायला ज्ञानम् यांच्या स्टुडिओत जाई. ते लग्नांचे फोटो काढत आणि त्यांच्या दृष्टीने फोटो म्हणजे माणूस. अप्पांचे फोटो पाकिटात घालून देताना ते दर वेळी तेच विचारत, "रायरे, आळे इल्लैया?" रायर, यात माणूसच नाही का? तंजावुरात आम्हा मराठी मंडळींना रायर म्हणतात. अप्पा दर वेळी तेच उत्तर देत, की येईल, माणूस येईल. हा संवाद इतक्यांदा झाला होता, की पुढे पुढे ज्ञानम् फक्त भुवया उंचावत आणि अप्पा फक्त मान हलवत.

नवे फोटो आले की रात्रीच्या जेवणानंतर ते जमिनीवर मांडले जात. मागच्या पडवीत दगडी रगड्यात उद्याच्या पिठाची घरघर चालू असे, कारण अम्मा जेवण उरकले की लगेच रगड्याला बसे. तिथूनच ती मान वळवून पाही आणि नाव ठेवी. बारीक, विरलेले, एका अंगाला ओढलेले ढग असले तर, "शेवया." मासोळीच्या खवल्यांसारखे दाणेदार पसरलेले असले तर, "दहीभात. त्यात आले कमी पडले." पावसाळी ढग वाढत वाढत वर जातो आणि एका उंचीवर सपाट होऊन कडा पसरतो, तो "डोशाचा तवा". ती टोमणा मारत असे. अप्पा तो टोमणा फोटोच्या मागे लिहीत. गावाचे नाव आणि अम्माने दिलेले नाव. अक्षरे तमिळ, कारण देवनागरी आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हती. भाषा मराठी.

त्या मराठीबद्दल इथे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आमच्या घरात ढगाला ढग म्हणत नसत. ढग म्हणजे आभाळ. एक आभाळ, दोन आभाळं. वरच्या निळ्याला आकाश म्हणत, नाहीतर तमिळमधला शब्द वापरत. "हवे" याला आमच्यात "होणे" म्हणत. मज कॉफी होणे, तुज काय होणे. "सगळी" याला "अस्की". ही भाषा वेगळी आहे असे आम्हांला वाटत नव्हते. गल्लीत तमिळ, शाळेत तमिळ आणि इंग्रजी, घरात ही. मराठी म्हणजे हीच, अशी आमची समजूत होती.

ती समजूत सरोजाक्काची आधी मोडली. मावसभावाच्या लग्नाला अम्मा तिला पुण्याला घेऊन गेली होती. मांडवात उकाडा होता. अक्काने जवळच्या बायकांना सांगितले, "मज पाणी होणे." एक बाई म्हणाली, "पाणी व्हायचंय तुला? मग बर्फ हो की, थंड तरी राहशील." बायका हसल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, असे अम्मा नंतर म्हणाली. पण अक्का लग्न संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि पाणीही प्यायली नाही. घरी ती अखंड बोलणारी होती. शेजारच्या मुलांना गणित शिकवायची आणि त्यांच्यापेक्षा जास्त आवाज तिचा यायचा.

त्याच लग्नात पुण्याच्या एका मुलाने तिला पाहिले होते. श्रीधर त्याचे नाव. नवरात्र संपून आमच्या गोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्या पेटीत परत गेल्या होत्या, त्या आठवड्यात तो आणि त्याची आई तंजावूरला आली आणि मेल वीदी या रस्त्यावरच्या आमच्या नातलगांकडे उतरली. स्थळ चांगले होते. अम्माला ते हवे होते आणि तिने ते लपवले नाही. अप्पांनी एवढेच सांगितले, की सरोजाचे उत्तर तेच आमचे उत्तर. अक्काने तिचे उत्तर फक्त मला सांगितले, गच्चीवर, तांदळाच्या पिठाचे वडाम उन्हात घालताना.

"मुलगा बरा दिसतो," ती म्हणाली. "पण हसले तर मी जाणार नाही, कुट्टी. जन्मभर तोंड मिटून बसायचे? नक्को."

मला घरात सगळे कुट्टी म्हणत, म्हणजे छोटी. मी छोटी नव्हते. पण अक्काहून धाकटी होते, एवढे पुरेसे होते.

दुपारी पाहुणे आले. अम्माने अक्काला बजावून ठेवले होते, विचारले तेवढेच बोल. श्रीधरच्या आई पुण्यात शाळेत मराठी शिकवत. उंच, सुती पातळ, चष्मा दोरीने गळ्यात. मी कॉफी पुढे केली आणि म्हणाले, "मामी, घ्या."

"मामी?" त्या म्हणाल्या. "मी तुझी मामी कशी गं? तुझ्या आईच्या भावाशी लग्न नाही केलं मी."

आमच्याकडे वयाने मोठ्या प्रत्येक बाईला मामी म्हणतात. मी तसे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काकू म्हण. नाहीतर सगळी नाती विस्कटतील." त्या रागावल्या नव्हत्या. शिक्षकांना चूक दिसली की हात पुढे जातो, तसा त्यांचा जात होता. पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत माझाही जाऊ लागला.

काकूंनी मग मुद्द्याचे सांगितले. त्यांचे सासरे अंथरुणावर होते. त्यांना दाखवल्याशिवाय त्यांच्या घरात काही ठरत नसे. तेव्हा मुलीचा एखादा फोटो मिळाला तर बरे. त्या उद्या संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होत्या.

अम्माने अप्पांकडे पाहिले. अप्पा उठले आणि डबा घेऊन आले. एखादा तरी सापडेल, असे त्यांना खरेच वाटले होते का, हे मला आजही सांगता येत नाही. काकूंनी चष्मा लावला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा उलटा करून मागची अक्षरे पाहिली.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवले. "ओरत्तनाडु, दहीभात."

"आणि हा?"

"मन्नारगुडी, शेवया."

काकू मुलाकडे वळल्या. "बघ, किती व्यवस्थित आहेत. कुठे काय जेवले ते लिहून ठेवतात."

"जेवलो नाही," अप्पा म्हणाले. "ती आभाळांची नावें. सरोजाचा फोटो यात नाही. अस्की आभाळं आहेत."

काकू हसल्या. मोकळ्या, मोठ्या हसल्या. "आभाळं? अहो, आभाळ एकच असतं. ढग पुष्कळ."

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथेच थांबली. सरोजाक्का झोपाळ्याच्या कडीला धरून उभी होती. तोवर ती हो आणि नाही एवढेच बोलली होती.

"आमच्यात पुष्कळ असतात," ती म्हणाली. आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढे म्हणाली, "एकच असते तर अप्पांस एकच फोटो पुरला असता."

काकूंनी हातातला फोटो डब्यात ठेवला. "असं होय," त्या म्हणाल्या. श्रीधर डब्यात पाहत होता आणि त्याने वर पाहिले नाही. कॉफी संपली, पाहुणे गेले.

"तोंड उघडू नको म्हणून सांगितले होते की नाही?" अम्मा म्हणाली. रसवांगीसाठी चिरलेली वांगी पाण्यात काळी पडत होती, तिकडे तिचे लक्ष नव्हते.

"आज उघडले ते बरे झाले," अक्का म्हणाली. "लग्नानंतर उघडले असते तर?"

अम्माने मग आपला मोर्चा अप्पांकडे वळवला. उद्या संध्याकाळच्या आत फोटो. पाहुण्यांनी मागितला आहे, तो दिला नाही तर नकार आपल्याकडून गेला असा अर्थ होईल. ज्ञानमकडे न्या तिला, असे ती म्हणाली. अप्पांना ते लागले. घरात कॅमेरा असताना मुलीचा फोटो ज्ञानम् काढणार? उद्या सकाळी त्यांना तिरुवैयारूला एका शेतकऱ्याकडे जायचेच होते. नदीकाठी उजेड चांगला असतो. तिथे काढतो.

"मज चेहरा होणे," अम्मा म्हणाली. "आभाळ नक्को. चेहरा. एवढा." तिने तळहात पसरून दाखवला. हाताला पीठ होते.

सकाळी बसस्थानकावर श्रीधर उभा होता. अप्पांनी त्याला बोलावले होते की तो आपण होऊन आला होता, हे घरात पुढे कितीतरी वर्षे वादाचे राहिले. तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना पाच नद्या लागतात. गावाचे नावच त्यावरून पडले. त्या दिवशी पाचही नद्यांना पाणी होते आणि समुद्राकडून आभाळं येत होती. ती एकाच उंचीवर नव्हती. खाली राखाडी, सपाट, झपाट्याने चाललेली. त्यांच्या वर शुभ्र, हळू. आणि अगदी वर, जिथे ती हलत आहेत की नाही ते कळत नाही, तिथे शेवया. मी बातमीदारीत पुढे पूर पाहिले, वादळे पाहिली. विशेषण टाळण्याची सवय मला त्या कामाने लावली. त्या सकाळच्या आकाशाबद्दल एवढेच लिहिते, की बसमधले लोकही खिडकीतून वर पाहत होते, आणि ते रोजचे लोक होते.

अप्पा प्रत्येक पुलावर उठले. ड्रायव्हर ओळखीचा होता. वेण्णारू नदीच्या पुलापुढे थांबा होता, तिथे त्याने गाडी जरा जास्तच वेळ उभी ठेवली आणि कंडक्टरने शिटी न वाजवता नुसती तोंडात धरली. अप्पा खाली उतरून मान खाली घालून उभे. एक फोटो, दुसरा. फिल्ममध्ये बारा चित्रे मावत. मी मोजत होते, कारण अम्माने मला त्यासाठीच पाठवले होते.

"अप्पा, चेहरा," मी म्हणाले.

"हो, हो. पुष्कळ उरलेत."

पुढच्या पुलावर श्रीधरने आपल्याला पाहता येईल का, असे विचारले. अप्पांनी पेटी त्याच्या हातात दिली. त्याने आत पाहिले, ढग चौकटीत घ्यायला उजवीकडे वळला आणि ढग चौकटीतून गेला. तो आणखी वळला. ढग आणखी गेला. तो वळता वळता बसकडे पाठ करून उभा राहिला.

"डावीकडे वळा," सरोजाक्का खिडकीतून म्हणाली. त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले वाक्य.

"डावीकडे तर तो नाहीच आहे."

"आत नाही. बाहेर आहे."

"म्हणजे हे उलटं आहे."

"ते सुलटे आहे. तुम्ही आत पाहता, म्हणून उलटे."

श्रीधर हसला. अक्काच्या चेहऱ्यावर क्षणभर ते जुने मिटलेपण आले. मग तिला दिसले, की तो स्वतःला हसत होता. अजूनही चुकीच्या बाजूला वळत होता आणि कंडक्टर त्याला हाताने दिशा दाखवत होता.

तिरुवैयारूला अप्पा शेतकऱ्याकडे गेले आणि आम्ही तिघे घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. वरच्या एका घरात कुणी गाणे शिकवत होते. एकच ओळ, थांबून, पुन्हा तीच ओळ. श्रीधर पाण्याकडे पाहत बोलला. तो म्हणाला, "त्या लग्नात तुम्ही पाणी मागितलं होतंत. मी आणायला गेलो होतो. मांडवामागे पिंप होतं. घेऊन आलो तर तुम्ही तिथे नव्हता."

तो हातपाय धुवायला खालच्या पायरीवर गेला तेव्हा ती मला म्हणाली, "कळले होते त्यांस. होणे म्हणजे काय ते."

"मग?"

"मग काय? मांडवामागे कळून काय उपयोग. आईसमोर बोलतील तेव्हां खरे."

अप्पा परतले तेव्हा दुपार चढत होती, आणि पलीकडच्या काठामागे एक आभाळ उभे राहिले होते. बसमधून उतरताना ते नव्हते. आता त्याचे डोके सपाट होऊन दोन्ही अंगांना पसरत होते. अप्पांनी ते पाहिले आणि पिशवी खाली ठेवली. मी म्हणाले, एकच उरला आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे. त्यांनी अक्काला खालच्या पायरीवर उभे केले, पदर नीट करायला सांगितले, तिच्यासमोर दोन पायऱ्या वर उभे राहून मान खाली घातली. तो चेहरा झाला असता. तळहाताएवढा झाला असता. मग ते एक पायरी वर गेले. थांबले. आणखी एक पायरी. "अप्पा," मी म्हणाले. "हो, हो," ते म्हणाले आणि पाठमोरे वर वर चढत गेले, मान खालीच, पाठीमागे पायरी आहे की नाही हे टाचेने चाचपत. शेवटी ते घाटाच्या माथ्यावर, नारळवाल्याच्या हातगाडीला टेकले. तिथून कळ दाबल्याचा आवाज आम्हांला ऐकू आला नाही. त्यांनी मान वर केली, यावरून झाले ते कळले.

आज माझ्या फोनवर दोन बोटांनी ताणले तर मागचे दृश्य पुढे येते आणि चेहरा हवा तेवढा मोठा होतो. तेव्हा जे लांब होते ते लांबच राहत असे.

संध्याकाळी मी अप्पांबरोबर स्टुडिओत गेले. ज्ञानम् अंधाऱ्या खोलीतून ओला कागद चिमट्यात धरून बाहेर आले आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "रायरे! आळ् वंदाच्चु!" माणूस आला. त्यांनी आम्हांला कॉफी पाजली आणि छपाईचे काही घेतले नाही.

अम्माने फोटो दिव्याखाली धरला. पाहिले, जवळ घेतला, पुन्हा पाहिले.

"मी चेहरा मागितला," ती म्हणाली, "यांनी मोहरी आणली."

दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. पाहुणे निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांचे सामान बाहेर रिक्षात होते. अम्माने फोटो दिला नाही; अप्पांनी दिला. अक्का माजघराच्या दाराआड होती आणि मी तिच्याशेजारी. दाराच्या फटीतून काकूंचा चष्मा दिसत होता. त्यांनी फोटो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला.

"यात मुलगी कुठे आहे?"

श्रीधरने वाकून बोट ठेवले. "ही काय."

"ही? आणि बाकीचं सगळं?"

"बाकीची आभाळं," तो म्हणाला.

तो शब्दावर जोर न देता बोलला. मिश्कीलपणे नाही, कुणाकडे पाहून नाही. रिक्षा आली आहे, असे सांगावे तसे. काकूंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. त्या चूक दुरुस्त करणार, हे मला दिसले. शाळेत शिकलेल्या कुणालाही दिसले असते. मग त्यांनी फोटो उलटा केला.

"मागे काही लिहिलं नाही?"

अप्पांनी अम्माकडे पाहिले. नाव द्यायचे काम त्यांचे नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून अम्मा, पदराला हात पुसत म्हणाली, "डोशाचा तवा."

"मग लिहा की," काकू म्हणाल्या. "सासऱ्यांना सगळं जाणून घ्यायचं असतं."

अप्पांनी तमिळमध्ये लिहिले. काकूंनी ते पाहिले, पर्समधून पेन काढले आणि खाली शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा अक्षरांत तेच देवनागरीत लिहिले. तिरुवैयारु. डोशाचा तवा. फोटो पिशवीत जाण्याआधी मी दाराआडून पुढे येऊन तो हातात घेतला. आमच्या घरातले शब्द त्या लिपीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मला ते वाचता आले नाहीत; काय लिहिले आहे ते ठाऊक होते, म्हणून एकेक अक्षर ओळखत गेले. 'त' दोनदा आला होता, तो आधी सापडला. पुढे पुण्यात मी ज्या भाषेच्या वृत्तपत्रात आयुष्य काढले, तिची माझी सुरुवात त्या 'त'पासून झाली.

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. अम्माने दार लोटले आणि अक्काला विचारले, "पत्र आले तर काय सांगू त्यांस?"

"होणे," अक्का म्हणाली आणि रगड्याला बसली. उद्याचे तांदूळ भिजून तयार होते.

अप्पांचा कॅमेरा पुढे तिच्याबरोबर पुण्याला गेला. अप्पांना तेव्हा काचेतले नीट दिसत नव्हते. ती आणि श्रीधर सुट्ट्यांत हिंडत, आणि तिच्या डब्यांतही माणसे कमीच आहेत. आता ती फोन वापरते. परवा मला सातारा रस्त्यावरून तिने काढलेला एक फोटो आला, खाली लिहिले होते, "अस्की शेवया." मी अजून डोळ्यांपुढे आणते ती मात्र एक जुनी दुपार. मी तिच्याकडे राहून वृत्तपत्रात नुकती कामाला लागले होते. तिथे माझ्या मजकुरातले एक अनेकवचन सकाळीच लाल शाईने कापले गेले होते, आणि मी काकूंना ते दाखवावे की नाही, या विचारात होते. काकू गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातले डोके त्यांनी वर केले, डेक्कनच्या बाजूला पाहिले आणि आत हाक मारली.

"सरोज, आभाळं आलीत गं. वरचं वाळवण काढ."

अक्का स्वयंपाकघरातून आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही, काकूंकडेही नाही. खुंटीवरचा कॅमेरा घेतला आणि गच्चीवर गेली. निम्मे वाळवण भिजले.